गोड पाण्याची मांजर

माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून मावसबहीण यायची होती. तिला ऐन वेळी गोवर निघाला, आणि माझ्याबरोबर बैलगाडीतून सासरी आली ती मांजर. तिला कोणी आणली नव्हती. तांदळाच्या पाटीत, वर झाकलेल्या धडप्याखाली दडून आपली आपणच आली होती. खारीत गाडी थांबली, सासूने धडपा उचलला आणि आतून एक राखाडी तोंड वर आलं.

"ही काय गो तुजी पाठराखीन?" सासू म्हणाली.

गाव असं हसलं की वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. बरं, पाठराखीण चार दिवस राहते आणि परत जाते. ही काही गेली नाही. राखेच्या रंगाची म्हणून मी तिला राखुंडी म्हणायचे. सासूने मात्र तिचं नाव पाठराखीणच ठेवलं.

सासूचं नाव जिजाबाई. बाई तोंडाने फटकळ. बोलायला लागली की चुलीतली लाकडं आपोआप पेटावीत. पण ताटात वाढताना तिचा हात कधी आखडला नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर लोक म्हणतील, सून आहे, सासूबद्दल चांगलं कशाला सांगेल.

माझं माहेर चेणे, घोडबंदरच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी. दाराशी नदी. आणि सासर खारी, जिथे नजर जाईल तिथे मिठागरं. खारीच्या विहिरीला पावसाळ्यात बरं पाणी असायचं, पण शिमगा सरला की ते मचूळ व्हायला लागायचं. वैशाखात तर त्यात वेगळं मीठ घालायची गरजच नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी त्या पाण्याचा घोट घेतला आणि सगळ्यांदेखत थुंकले. झालं, तेव्हापासून बायका मला 'गोड पान्याची नवरी' म्हणायला लागल्या. मी पाणी भरायला गेले की एकजण तरी विचारणारच, "काय गो, साखर घालू का हिरीन?"

लोक लेकीच्या घरी जाताना लाडू नेतात. चेण्याचा माणूस खारीला जाताना पाणी नेतो. आमच्याकडची रीतच ती. माझा बा यायचा तेव्हा गाडीत पेंढ्यात रोवून नदीच्या पाण्याची हंडी आणायचा, तोंडाला ओलं फडकं बांधून. ती हंडी मी कोपऱ्यात ठेवायचे आणि पुरवून पुरवून प्यायचे. माझ्याखेरीज त्यातलं पाणी मिळायचं ते एका राखुंडीला. ती हंडीपाशी जाऊन बसायची आणि माझ्याकडे बघायची. माहेरची दोनच माणसं होतो ना आम्ही त्या घरात.

दुसऱ्या वर्षी मीच बाला सांगितलं, आता हंडी नको आणू.

"का गो?"

"मना आता खारट लागत न्हाय."

केवढी ऐट होती त्या बोलण्यात! सासूने ते ऐकलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आता झाली गो ही आमची." मी दिवसभर हवेत होते. सासरी आपलं म्हणून घेण्यासाठी पोरी काय काय करतात. मला तर नुसतं पाणी प्यायचं होतं.

जर्मनची लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मिठाला मागणी होती, त्यामुळे सगळं गाव मिठाच्या आगरात राबत होतं. भरतीचं पाणी आगरात घ्यायला एक लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. झडप वर ओढली की खाडीचं पाणी धो धो आत येतं आणि पाण्याबरोबर बारीक मासळी येते. राखुंडीला हे बरोबर ठाऊक होतं. माझा नवरा रघू झडप ओढायला लागला की ही खाली दगडावर तोंड पुढे करून बसलेली असायची. एके दिवशी रघूच्या हातातून ओली झडप सुटली. त्याने ओरडून तिला हुसकावलं, पण तोवर उशीर झाला होता.

त्याने तिला डोक्याच्या फडक्यात गुंडाळून घरी आणली. खालचा जबडा एका बाजूला सरकला होता, पुढचे दात गेले होते, जीभ फाटली होती. रघूने फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि परत आगराकडे निघून गेला. मला तेव्हा त्याचा राग आला. त्याला थांबवत नव्हतं, हे मला पुढे कळलं.

मी रडायला लागले तशी सासू माझ्यावर खेकसली, "रडून काय जबडा बसनार हाय? पानी ठेव चुलीवर."

तिने मीठ घालून पाणी कोमट केलं आणि राखुंडीचं तोंड धुतलं. खारीत पायाला चीर पडली, दात दुखला, घसा धरला, सगळ्यावर एकच औषध. जखमेवर मीठ चोळणं ही दुसऱ्या गावात म्हण असेल, आमच्याकडे तो इलाज होता. राखुंडी अशी किंचाळली की शेजारची दोन घरं धावून आली. दुसऱ्यांदा धुवायला घेतलं तेव्हा मी सासूचा हात धरला. सुनेने सासूचा हात धरायचा नसतो. पण सासूने माझ्याकडे बघितलं, मांजरीकडे बघितलं आणि ते पाणी बाहेर ओतून टाकलं. त्यानंतर मिठाचं पाणी तिला लावलं नाही.

जखम हळूहळू सुकायला लागली. जबडा वाकडाच राहिला, पण बसला. सूज उतरली. आता दोन घास पोटात गेले की मांजर उभी राहणार, असं सगळेच म्हणायला लागले. आणि ती खाईना.

सासूने मनावर घेतलं. खाडीच्या चिखलातून निवटे आणले. हे निवटे म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे, बाळंतिणीला देतात ते. ते उकडले, काटे काढले आणि बोटांनी कुसकरून लोण्यासारखे मऊ केले. त्यात मीठ घातलं नाही. ही साधी गोष्ट नव्हे. जिजाबाईच्या चुलीवर त्याआधी बिनमिठाचं काही शिजलं असेल असं मला वाटत नाही. आजारी जनावराला मीठ सोसत नाही, एवढं तिला कळत होतं. तिने शिंपल्यात त्यातलंच थोडं पाणी घेऊन माझ्यापुढे धरलं.

"चाख. चुकून मिठाचा हात लागला असंल तं सांग. तू गोड पान्याची, तुजी जीभ खरी."

मी चाखलं. "न्हाय आत्ये. साफ अळणी हाय."

मग मी शिंपल्यातून ते राखुंडीच्या तोंडाशी नेलं. तिने वास घेतला आणि फाटक्या जिभेचं टोक लावलं. अंगावर शहारा आल्यासारखी ती मागे सरली आणि मान फिरवली.

दूध आणलं. निरसं दूध पचायचं नाही म्हणून सासूने त्यात निम्मं पाणी घालायला लावलं. मी घातलं. राखुंडीने तेही नाकारलं. कोलंबीचं पाणी केलं, भाताची पेज केली. कापडाची वात भिजवून तिच्या ओठांवर पिळली. ती जीभ आत ओढून घ्यायची आणि पेज हनुवटीवरून खाली गळायची. मी पुसायचे आणि पुन्हा पिळायचे. "खा गो बाय, एवढं एक खा," असं तिच्या कानाशी म्हणत बसायचे. आई पोराला चिऊ-काऊचे घास भरवते तसे मी घास भरवले. सासूने मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या, गावदेवीला नारळ बोलली. ज्या बाईने दोन वर्षांत त्या मांजरीला एकदाही हात लावला नव्हता, ती आता आगरातून आली की हातपाय धुवायच्या आधी विचारायची, "खाल्लं का पाठराखनीनं?"

मी नाही म्हणून मान हलवायचे.

तिला भूक नसती तर बरं होतं. मेलेल्या भुकेपुढे माणूस हात टेकतो आणि मोकळा होतो. पण तिला भूक होती. चुलीवर मासळी चढली की ती जात्यामागून उठून झोकांड्या खात यायची. तिच्या खाण्याच्या खापरीपाशी बसायची, माझ्याकडे बघायची, हंडीपाशी बसून बघायची तशीच. मग तोंड खाली घालायची, जीभ लावायची आणि दचकून मागे व्हायची. पुन्हा थोड्या वेळाने यायची. पुन्हा तेच. तिला वाटत असणार की या वेळी तरी ही आपल्याला काहीतरी बरं देईल. आणि मी तेच देत होते. तिचा पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मला जेवण जाईना.

एकदा जेवताना रघू म्हणाला, "सोड आता तिला. जनावराला कळतं आपली वेळ. नको छळू."

"झडप कोनाचे हातून सुटली?" मी म्हणाले.

तो ताटावरून उठला. हात धुऊन अंगणात जाऊन बसला. सासू मला काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले, तर ती त्याचं ताट झाकून ठेवत होती. माझं काय चुकलं ते मला कळत होतं, पण त्या दिवसांत माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नव्हतं. मांजर मरत होती, आणि एवढी तीन माणसं असून एकाच्याही हातात काही नव्हतं.

अशात बा आला. भाईंदरला बांबूची गाडी घेऊन आला होता, माल उतरवून वाकडी वाट करून लेकीकडे आला. मीच नको म्हटल्यामुळे पाण्याची हंडी नव्हती. बसायला घोंगडी टाकली, गूळ-पाणी दिलं. त्याने गूळ तोंडात टाकला आणि पाण्याचा तांब्या न पिता तसाच बाजूला ठेवला. तो नेहमीच ठेवायचा. आम्ही कोणी त्याकडे लक्ष द्यायचो नाही.

राखुंडीला बघून त्याने तोंडाला हात लावला. "हिचं काय झालं गो?"

सासूने सगळं सांगितलं. मग निवट्याची खापरी त्याच्यापुढे सरकवली. "तुमचे गावची हाय, तुमचे हातून खातं का बघा."

बाने तिला मांडीवर घेतलं. पोराला भरवताना आधी आपण चाखून बघतो, तसं त्याने शिंपलं स्वतःच्या तोंडाला लावलं. आणि बाहेर जाऊन थुंकला.

"यात मीठ कोनी घातलं?"

"कोनी न्हाय," सासू म्हणाली. "या हातानं केलंय मी. तुमचे गोमीनं पन चाखलंय."

"खारट हाय, बाय."

"असंल कसं? मीठच न्हाय घातलं त्यात!"

बाने माझ्याकडे बघितलं. "गोमे, तू चाखलंस?"

"चाखलं."

"आनि तुना काय लागलं?"

तो मला रागावला असता तर सोसलं असतं. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला, बाजारात चुकलेलं पोर सापडल्यावर ते आपलंच ना म्हणून बघतात तसा. मी पुन्हा शिंपलं उचललं, पुन्हा चाखलं. जिभेवर घोळवलं. मला काही म्हणजे काही लागलं नाही.

मग सगळं उलगडायला वेळ लागला नाही. निवटे विहिरीच्या पाण्यात उकडलेले. पेज विहिरीच्या पाण्याची. दुधात निम्मं विहिरीचं पाणी. वात भिजवायची ते पाणी विहिरीचं, आणि शिंपलं धुवायचं तेही. धडधाकट होती तोवर राखुंडी स्वतः शिकार करायची, कच्ची मासळी आणि उंदीर खायची, तिला आमच्या पाण्याची फारशी गरज नव्हती. आता फाटक्या जिभेवर आम्ही रोज प्रेमाने मीठ घालत होतो.

बा गाडीपाशी गेला. वाटेत प्यायला तो नदीचं पाणी भोपळ्याच्या तुंब्यात भरून घ्यायचा. तुंबा हलवून बघितला. तळाशी घोटभर होतं. ते त्याने ओंजळीत ओतलं आणि राखुंडीपुढे धरलं.

तिने वास घेतला. जीभ लावली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पीत होती. वाकड्या जबड्याने, अर्धं सांडत, पण पीत होती. ओंजळ रिकामी झाली तरी ती बाचा हात चाटत राहिली, बोटांच्या बेचक्यांतून, तळहाताच्या रेघांतून. बाने तुंबा उलटा करून झटकला. एक थेंब पडला, तोही तिने घेतला. मग तिने वर बघितलं. आणखी पाणी कुठून आणायचं?

मागच्या उन्हाळ्यात कोपऱ्यात हंडी असायची. तिच्या तळाचं वर्तुळ अजून शेणाच्या जमिनीवर दिसत होतं. त्यातलं एक वाटीभर पाणी असतं तर. मी ऐट केली नसती तर. किती वेळा हा विचार करायचा आणि करून तरी काय? रघू धावत जाऊन ताडगोळे घेऊन आला. त्यांतलं पाणी तिने दोनदा चाटलं. पण ताडगोळ्यांवर मांजर किती दिवस जगवणार?

सासू खापरी घेऊन परसात गेली. निवटे कावळ्यांना टाकले. परत आली आणि उंबऱ्यावरच बसली. तिचं ते पेटतं तोंड मी पहिल्यांदा विझलेलं बघितलं.

"मना काय म्हाईत," ती बाला म्हणाली. "आमचे तोंडाला तं ते गोडच लागतं."

मग म्हणाली, "घेऊन जा तिला. हितं ठेवली तं मरंल."

मला म्हणायचं होतं, मीही जाते. चार दिवस जाते, तिला हाताने भरवते, ती उभी राहिली की परत येते. पण आगरात मीठ धरलं होतं. पाऊस यायच्या आत ते ओढून रास करायला घरातले सगळे हात लागतात आणि तेही कमी पडतात. सासूने माझ्याकडे बघितलं आणि मग आगराकडे बघितलं. तिने 'जा' म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. तिने म्हटलं असतं तरी मला जाता आलं नसतं, हे दोघींना माहीत होतं.

ज्या पाटीत दडून ती आली होती तीच पाटी शोधून काढली. खाली माझं जुनं लुगडं घातलं. बाने पाटी मांडीवर घेतली आणि बैल हाकले. पाठराखीण शेवटी परत गेली, असं शेजारीण म्हणाली आणि हसली. सासूने तिच्याकडे असं बघितलं की ती आत निघून गेली.

पुढे भाईंदरला येणाऱ्या चेण्याच्या गाडीवाल्यांना मी विचारायचे. "हाय," एवढंच ते सांगायचे. मांजरीबद्दल माणूस आणखी काय सांगणार? खाते का, कुणाच्या हातून खाते, रात्री कुठे निजते, हे त्यांना विचारायची मला लाज वाटायची.

गौरीच्या सणाला मला माहेरी पाठवलं. निघताना सासूने वर्षाची मिठाची पिशवी दिली, आणि वर फडक्यात बांधलेले सुके निवटे. "पाठराखनीला," म्हणाली. "भिजवायचे ते तुमचे पान्यात भिजवा."

राखुंडी चुलीपाशी होती. अंग भरलं होतं, केस चकचकीत झाले होते. तोंड मात्र वाकडंच होतं, त्यामुळे ती सारखी काहीतरी टोमणा मारते आहे असं वाटायचं. मी हाक मारली. तिने कान हलवले आणि बसून राहिली. ठीक आहे म्हटलं, रुसली असेल.

आयेने पान वाढलं. नदीच्या मासळीचं कालवण होतं, माझ्या आवडीचं. पहिला घास घेतला आणि मी म्हणाले, "आये, मीठ विसरलीस."

बा जेवत होता, तो थांबला. आयेने स्वतःच्या वाटीत बोट बुडवून चाखलं. मग उठली आणि मिठाचं मडकं माझ्यापुढे आणून ठेवलं. मी मीठ घेतलं. अजून थोडं घेतलं. तेव्हा कुठे मला मासळीची चव लागली.

राखुंडी वासाने जवळ आली होती. मी मीठ न लागलेला तुकडा काढला, काटा काढला आणि तळहातावर तिच्यापुढे धरला. तिने वास घेतला. एकदा जीभ लावली. आणि मान फिरवली.

मी उठून नदीवर गेले. वाळूने हात घासले, राखेने घासले, पुन्हा वाळूने घासले. दोन वर्षं मीठ ओढलेले हात ते, भेगाभेगांत भरलेलं. परत येऊन नवा तुकडा धरला. ती आली, वास घेतला, बाजूला झाली.

आयेने माझ्या हातातला तो तुकडा उचलला, वाटीतल्या पाण्यात धुतला आणि आपल्या हाताने तिच्यापुढे ठेवला. तिने तो खाल्ला, वाकड्या जबड्याने, आवाज करत.

खारीला परतले तेव्हा गाडी थांबायच्या आधी सासू दारात आली होती. "खाते का गो ती?"

"खाते," मी म्हणाले.

"तुजे हातून खाल्लं?"

तिचे हात मिठाने पांढरे झाले होते. उजव्या हाताची बोटं ती पदराला पुसत होती, पुन्हा पुन्हा.

"हो आत्ये," मी म्हणाले. "तुमचे निवटे पन खाल्ले."